देवडीतला रिकामा गाळा

एका शहराच्या जुन्या पेठेत एकदा एका व्यापाऱ्याची मोठी हवेली होती. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसत नसे. मान वर केली तर सागवानी कठडा आणि कोरीव खांबांची टोकं तेवढी दिसायची. खाली सगळे गाळेच गाळे. भांड्यांचा गाळा, बांगड्यांचा गाळा, शिलाई मशीन दुरुस्तीचा गाळा. पूर्वी तिथे येणाऱ्याजाणाऱ्याला टेकायला ओटा होता, दोन्ही अंगांना खिडक्या होत्या. आता गाळ्यांच्या पाठी खिडक्यांना लागल्या होत्या, आणि आतल्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागे.

राहता राहिली मधली देवडी, म्हणजे हवेलीचं मोठं दार आणि त्यामागची बसायची जागा. त्या वर्षी व्यापाऱ्याने तिथेही गाळा काढला. जुनी कवाडं उतरवून माळ्यावर टाकली, पुढे शटर बसवलं, आणि देवडी आतल्या चौकात उघडते तिथे पत्र्याची आडभिंत घातली. घरच्यांनी मागच्या बोळातून, गटारावरच्या फरशीवरून ये-जा करायची, असं ठरलं. पाडव्याला एक कापडवाला तिथे दुकान मांडणार होता.

एवढ्यात एक गोष्ट अडली. व्यापाऱ्याची सून हेमलता पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. नातू झाला, बारसं झालं, तिला आणायला माणूस गेला. तो एकटाच परत आला. तिचा निरोप होता, "मामंजींना सांगा, मी रुसलेली नाही. पण लेकराला पहिल्यांदा घरात न्यायचं, ते गटारावरून नेणार नाही. घराला दार झालं की बोलवा."

व्यापारी नदीकाठी राहणाऱ्या वृद्ध गुरुजींकडे गेला. गुरुजींजवळ त्यांचा एक शिष्य बसला होता. व्यापारी नमस्कार करून खाली बसला, तो ओझं टाकावं तसा.

"गुरुजी, पाडव्याआधी नव्या गाळ्याला तुमचे पाय लागू द्या. आणि सुनेला दोन शब्द सांगा. तुमचं ऐकेल ती."

गुरुजींनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मग म्हणाले, "सुनेला काय सांगायचं ते मागून बघू. पाडव्यापर्यंत गाळा रिकामाच आहे ना? तोवर मी तिथे येऊन बसतो. मागचा पत्रा मात्र काढून ठेव. म्हाताऱ्याला वारा लागतो."

व्यापाऱ्याला बरंच वाटलं. असा सत्पुरुष दारात बसणार म्हणजे शेजारच्या गाळ्यांनाही गिऱ्हाईक. त्याने त्याच दिवशी पत्रा काढवला.

शिष्याला वाटलं, आता भर बाजारात गुरुजींची प्रवचनं होणार. पण गुरुजींनी घोंगडी अंथरली, भिंतीला पाठ टेकली आणि गप्प बसले. सकाळी शटर वर करायचं, दिवेलागणीला खाली ओढायचं. बाकी काही नाही.

लोक थबकायचे. विचारायचे, "काय ठेवलंय?"

"काही नाही," शिष्य म्हणायचा.

"मग उघडलंय कशाला?"

एक बाई तर कावलीच. "एवढ्या उन्हात पायऱ्या चढून आले, आणि काही नाही काय म्हणतोस? आत दडवून ठेवलं असेल, चांगल्या गिऱ्हाइकासाठी!"

शेजारचा भांडेवाला त्र्यंबक ताटं पुसता पुसता ओरडायचा, "काय स्वामी, कसा काय धंदा? तुमचं 'काही नाही' संपत आलं असेल तर सांगा हो, आमच्याकडे पुष्कळ पडलंय!" मग त्याचा तोच हसायचा.

शिष्याला दिवस सरता सरेना. तोंडावर धूळ, कानांत भोंगे, आणि तोच प्रश्न. उत्तर देताना त्याची मान खाली जायची. शेवटी एका दुपारी तो म्हणाला, "गुरुजी, मी तुमच्याकडे शिकायला आलो. इथे नुसता दमलोय. लोक हसतात."

"हसू देत. तू सारखा रस्त्याकडेच बघतोस. एकदा मागे वळून बघितलंस का?"

शिष्य वळला. देवडीतून गेलेला उजेड थेट चौकापर्यंत पोचला होता. त्या उजेडाच्या पट्ट्यात घरची मालकीण, व्यापाऱ्याची बायको, सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. खडा दिसण्यासाठी तिला सूप डोळ्यांशी न्यावं लागत नव्हतं. ते दोघे आले त्या दिवशी तिथे कोणीच नव्हतं, हे त्याला आठवलं.

तेवढ्यात व्यापारीच आतून आला. रिकाम्या गाळ्यात गुरुजींसमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "वारा येतो हो इथे. विसरलोच होतो."

गुरुजींनी बोट दाखवून विचारलं, "शेठ, हा भांड्यांचा गाळा कधी काढलास?"

"थोरला मुलगा आजारी पडला तेव्हा. डॉक्टर काही सांगेनात. म्हटलं, हाताशी काही असावं."

"आणि बांगड्यांचा?"

"मुलीचं लग्न ठरेना. पुढे काय होईल, याची धास्ती."

"पलीकडचा?"

व्यापारी थांबला. "तेव्हा काही झालं नव्हतं. पण होईल, असं वाटत होतं."

"आणि हा? आपण बसलोय तो?"

"हा नातवासाठी. आमच्या मागे त्याला काही कमी पडू नये."

"कुठे आहे नातू?"

व्यापाऱ्याने मान वळवून मागच्या बोळाच्या दिशेला पाहिलं.

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "लोक म्हणतील, हावेने गाळे काढले. मला तसं दिसत नाही. प्रत्येक गाळ्यामागे तुझी काळजी उभी आहे. ती खोटी नव्हती, आणि या गाळ्यांनी घर पोसलं, हेही खरं. ते मोडू नकोस. पण काळजीला जागा करून देता देता, ज्यांची काळजी करतोस त्यांची आत यायची वाटच तू भाड्याने देऊन बसलास. म्हणून मी इथे काही मांडलं नाही. एवढी एक जागा कशासाठीच नसलेली राहू दे."

"आणि उद्या काही झालं तर, गुरुजी?"

"होईलच. काही ना काही होत राहतं. तेव्हा धावत येणारी माणसं कुठून येतील? बोळातून, गटार ओलांडत?"

व्यापाऱ्याला हसू आलं आणि हसता हसता त्याने उपरण्याने डोळे टिपले. त्याच संध्याकाळी त्याने कापडवाल्याला नाही म्हणून कळवलं, कवाडं बसवायला सुतार सांगितला, आणि सुनेकडे निरोप गेला, "दार झालं. या."

पाडव्याच्या आदल्या दिवशी रिक्षा थांबली. सुतार अजून यायचा होता, शटर तसंच वर गुंडाळलेलं होतं. कडेवर मूल, खांद्याला पिशवी, प्रवासाने केस विस्कटलेले, अशी हेमलता उतरली. शटर पाहून तिचा चेहरा पडला. आपल्याला फसवून आणलं, असंच तिला वाटलं असणार. गुरुजी नदीवर गेले होते; घोंगडीवर एकट्याच बसलेल्या शिष्याला तिने शिणलेल्या आवाजात विचारलं, "तुम्ही काय विकायला बसलाय इथे?"

शिष्य उठून उभा राहिला. या वेळी त्याची मान खाली गेली नाही.

"काही नाही, ताई. हे दार आहे."

तिने त्याच्या पलीकडे पाहिलं. चौकात ऊन पडलं होतं. तिथून सासूबाईंची हाक आली, "थांब गं, तिथेच थांब! पाऊल टाकू नको!" आणि त्या भाकरीचा तुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. त्यांनी उंबऱ्यावर माय-लेकरावरून तुकडा ओवाळून टाकला, लेकराच्या डोळ्यांना पाणी लावलं. त्र्यंबकाच्या हातातलं ताट पुसायचं थांबलं होतं. व्यापारी मागे नुसताच उभा होता.

शिष्याने घोंगडी गोळा केली आणि बाजूला सरून वाट दिली.

उद्याच्या काळजीपोटी आपणही दिवसभर कुठे ना कुठे गाळे काढतच असतो. फक्त संध्याकाळी लेकरू धावत आलं, तर त्याला आत यायला दार उरलंय ना, एवढं पाहावं.