ढेरपोट्या झाडाचं फूल

एका राज्यात ऊन उदंड होतं आणि पाऊस पाहुण्यासारखा यायचा. चार दिवस राहायचा, पाचव्या दिवशी चालू लागायचा. तिथला राजा जयपाळ. मनाचा चांगला, पण झाडांतलं त्याला काही कळत नव्हतं. राजाला हे सांगणार कोण?

त्या राज्याची एक रीत होती. लग्न होऊन येणाऱ्या मुलीनं माहेरचं रोप ओटीतून आणायचं, सासरच्या परसात लावायचं. त्याला पहिलं फूल आलं की ते घेऊन आईला भेटायला जायचं. फूल नाही, तर माहेर नाही. रीत घालणाऱ्याला मुलगी नसावी.

राणी चंद्रावळ समुद्राकाठची. तिनं ओटीत घमघमणाऱ्या सुरंगीचं रोप आणलं आणि पदराच्या गाठीत माहेरची मूठभर लाल माती. राजाला हौस दांडगी. त्यानं परसातल्या बोरी, बाभळी, तरवड, सगळं मुळासकट उपटून सुरंगीला जागा केली. त्या काट्यांत धुळाबाई नावाची चेटकीण राहत होती. वावटळीत बसून हिंडायची. ती कमरेवर हात ठेवून राजापुढं उभी राहिली.

"माझी झाडं तुला नकोत. बरं. इथं जे पाणी पाजून जगवशील, ते पाण्यानंच मरेल. आणि राणीच्या हातून या परसात फूल उमलेपर्यंत माझंही एक पान इथं उगवणार नाही."

एवढं बोलून ती धूळ झाली आणि गेली.

सुरंगी मेली. माहेराहून दुसरी आली, तीही मेली. सात वर्षांत सात मेल्या. राजानं वाळ्याचे पडदे लावले, शंभर घागरी ओतल्या. पाणी जितकं जास्त, तितकं मरण लवकर. मुळं उकरली तर काळी, कुजलेली. राजा गोंदा माळ्यावर कडाडला. गोंदा म्हणाला, "महाराज, मी म्हटलं होतं घागरी कमी करा."

"कधी म्हटलंस?"

"मनात, महाराज."

राणी दिवस कलला की परसाच्या पायरीवर बसायची, पदराची गाठ नाकाशी धरायची. मातीचा वास केव्हाच उडाला होता. तरी हुंगायची.

आठव्या वर्षी माहेरचा पोपट आला. म्हणाला, "राणीसाहेब, आईसाहेबांची दृष्टी गेली. म्हणतात, फूल आता दिसायचं नाही, निदान हाताला लागू दे."

राणी पायरीवरून उठली नाही. तेव्हा परसातल्या दगडावरची टिटवी म्हणाली, "सुरंगी इथं यायची नाही. सात मारल्या, आठवी कशाला मारतेस?"

"मग काय लावू?"

"इथल्या उन्हाला भीत नाही ते. मी दगडावर अंडी घालते, मऊ घरट्याचा हट्ट धरते का? धुळाबाईला विचार."

"तिनं तर शाप दिला."

"म्हणूनच तिला ठाऊक."

राणी सात दिवस माळ तुडवत गेली. धुळाबाई तापल्या खडकावर बसली होती.

"आलीस? सात रोपं उशिरा आलीस. आता तीन कामं कर. मिठाच्या तळ्यापलीकडे एक नाग झाड राखतो, त्याचं रोप आण. ते तुझ्या हातानं लाव, मी सांगेन त्या मातीत. आणि फूल येईतो त्याला पाणी घालायचं नाही."

राणी मिठाचं तळं ओलांडून गेली. नागानं फणा काढला. "राजपुत्र आले, कोणी दूध घालतो म्हणाला, कोणी मध. तू या झाडाला काय घालशील?"

"सात रोपांना जे घातलं, ते घालणार नाही."

नाग बाजूला सरला.

रोप अजब होतं. खाली मडक्यासारखं पोट, वर बोटांएवढ्या चार फांद्या, पानं मोजून सहा. दरबार हसला. प्रधान म्हणाला, "राणीसाहेब, हे झाड आहे की जेवून टेकलेला व्याही?" राणीही हसली. सात वर्षांत पहिल्यांदा.

परसात वावटळ उठली, धुळाबाई आली. "मुरूम घाल. दगडाची खडी घाल. आता गाठ सोड."

राणीनं दिवसचे दिवस आपल्या हातानं मुरूम फोडून घातला, खडी घातली; पण गाठ सोडायची वेळ आली तेव्हा पदर मुठीत धरला. "ही माहेरची आहे. माझ्याकडे दुसरं काही नाही."

"गाठीतल्या मातीत काय उगवतं, बाई?"

राणीनं गाठ सोडली. मूठभर लाल माती मुरमात मिसळली, दिसेनाशी झाली. त्यात तिनं ढेरपोटं लावलं.

तिसरं काम सगळ्यांत वाईट, कारण त्यात काही करायचंच नव्हतं. चैत्र आला, पानं पिवळी पडली. वैशाख पेटला, सहाच्या सहा गळली. उरलं पोट आणि चार काड्या. पोपट पुन्हा आला. म्हणाला, "आईसाहेब उठून बसत नाहीत. विचारतात, आणखी किती दिवस?"

राजा स्वतः घागर घेऊन आला. "राणी, ते तहानेनं मरतंय. घोटभर तरी घालू."

"महाराज, मलाही घालावंसं वाटतं. रोज वाटतं. म्हणून तर सात मेल्या."

राजा घागर घेऊन उभाच राहिला. मग त्यानं ती स्वतःच तोंडाला लावली आणि तिच्याशेजारी पायरीवर बसला. राजानं केलेलं तेवढं एक काम नीट झालं.

वैशाखाच्या शेवटच्या दिवशी, पान एक नसताना, काडीच्या टोकाला गुलाबी फूल उमललं.

प्रधान म्हणाला, "पण रीत माहेरच्या रोपाची आहे."

टिटवी म्हणाली, "माती कुठली आहे? आणि तू कधी माहेराला मुकलायस?"

राणी फूल घेऊन समुद्राकाठी गेली. आईनं ते बोटांनी चाचपलं, नाकाशी नेलं.

"चंद्रावळ, याला वास नाही गं."

"नाही, आई. पण पाण्यावाचून आलंय."

आईनं फूल सोडून लेकीचा हात धरला. मुरूम फोडून फोडून घट्टे पडलेला हात. "आठ वर्षं?" ती म्हणाली, आणि तो हात तिनं हुंगला.

इकडं परसात बोरींना कोंब फुटले, तरवड पिवळा झाला, धुळाबाई आपल्या काट्यांत राहायला आली. राजानं रीत मोडली. लेकींनी वाटेल तेव्हा माहेरी जावं, फुलाची अट नाही.

राणी महिनाभर राहून परतली. आईनं सुरंगीचं रोप देऊ केलं, तिनं घेतलं नाही. म्हणाली, "ती इथंच बरी." दिवस कललेला असतो तेव्हा ती अजून पायरीवर बसते, तोंड समुद्राच्या दिशेला. ढेरपोटं शेजारी फुललेलं असतं.

ज्याचं त्याला ऊन मानवो, आणि आईला लेकीचा हात लागायला उशीर न होवो.