उजवीकडची भिंत

“मग त्यात माझं काय, मास्तर?”

शाल्मली कर्णिकांनी खाटेजवळ खुर्ची ओढली आणि बसता बसताच विचारलं.

तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची चित्रं निवडली, मांडली, लोकांपुढे आणली. शहरातल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाच्या संचालक झाल्या. गेल्या आठवड्यात निवृत्त झाल्या. निरोप समारंभात व्यासपीठावर सात नामांकित चित्रकार होते. सातही बाईंनीच हुडकून काढलेले. त्यातल्याच एकानं थट्टेत विचारलं, “बाई, तुम्ही स्वतः काय काढलंत?”

सभागृह हसलं. बाईही हसल्या. पण प्रश्न आत रुतून बसला.

म्हणून त्या कुडाळला आल्या. त्यांच्या हाती पहिला कुंचला दिला होता तो पांचाळमास्तरांनी.

मास्तर आता शहाऐंशीचे. अर्धांगवायूनं दोन वर्षं खाटेवर. मान तेवढी वळायची, तीही उजवीकडेच.

“तुझा हात चांगला होता,” मास्तर म्हणाले.

“होता ना? मग लोकांच्या चित्रांसाठी खिळे ठोकत का बसले मी? कोण झाले मी? हमाल?”



बाईंची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथं मास्तरांनी काढलेलं त्यांच्या पत्नीचं चित्र होतं. माई सूप घेऊन तांदूळ निवडताहेत. माईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरी येणारा प्रत्येक जण या चित्राचं कौतुक करून जाई.

बाई एकदम उठल्या. मास्तरांच्या उशीशी वाकल्या. त्यांच्या डोक्याशी डोकं टेकवून तिथून भिंतीकडे पाहिलं.

चित्राच्या काचेवर नुसतं उघडं दार चकाकत होतं. माई दिसतच नव्हत्या.

“दोन वर्षं...! मास्तर, बोलला का नाहीत कुणाला?”

“येणाऱ्यांना दिसत होती.”

बाईंनी मास्तरांच्या सुनेला हाक मारली. “हातोडी आहे का गं घरात?”

“आसा, आणतंय.”

चित्र उतरलं. सुनेनं ते उजवीकडच्या भिंतीवर धरलं. बाई पुन्हा उशीशी वाकल्या. “खाली घे... अजून वीतभर... थोडं दाराकडे. बस्स.”

मग स्वतः उठून त्यांनी खिळा ठोकला. चित्र टांगलं. काच पदरानं पुसून बाजूला झाल्या.

मास्तरांनी सावकाश मान वळवली. डोळ्यांतलं पाणी कानावरून उशीत उतरलं.

बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या पुन्हा चित्रापुढेच येऊन उभ्या राहिल्या, हातोडी हातात घेऊन.

“सांगा ना, मास्तर. एवढ्या वर्षांत माझं स्वतःचं असं काय झालं?”

“पोरी, जरा बाजूला सर,” मास्तर म्हणाले. “ती दिसू दे मला.”