तांब्याच्या पोपटाचा उपवास

एका राज्यात नदी होती, राजा होता आणि राजवाड्यापुढच्या चौकात एक तांब्याचा पोपट होता. तो एका मांत्रिकाने घडवला होता. मांत्रिक म्हणाला होता, "महाराज, एकेका लेकराला जवळ घेऊन पारखायला आपल्याला सवड कुठली? सगळ्यांना एकच प्रश्न, एकच उत्तर. याहून मोठा न्याय नाही." राजाला ते पटले.

तेव्हापासून दर चैत्रात आठ वर्षांची मुले पोपटासमोर उभी राहत. उत्तर बरोबर आले, की कपाळी सोन्याचा टिळा. चुकले, की पोपट त्या लेकराचा आवाज गिळून टाकी. आईबापांनी मग पोहणे, पेरणे, गाणे शिकवायचे सोडले. घरोघरी पोपटाची उत्तरे तेवढी घोकली जात. एकाच मापाचे जोडे सगळ्यांच्या पायांत कोंबायचे, आणि ज्याचा पाय सोलला त्यालाच लंगडा म्हणायचे, असला हा न्याय.

कुशाबा नावाड्याची साळू आईवेगळी पोर, नावेतच वाढलेली. पोपटाने तिला विचारले, "नदी कुठून येते?"

"डोंगरातल्या काळ्या खडकातून. बाबांबरोबर जाऊन मी पाहिलीय."

"चूक. नदी महाराजांच्या कृपेतून येते."

साळूने तोंड उघडले, पण आवाज निघाला नाही. जिने नदीचा उगम डोळ्यांनी पाहिला होता, तीच मुकी झाली. कुशाबाने तिला खांद्यावर घेऊन घरी आणले.

काठावर वाळूत एक टिटवी अंडी उबवत होती. तिची अंडी चिरडू नयेत म्हणून कुशाबा नाव नेहमी लांब लावी. ती टिटवी बोलली, "नावाड्या, तू माझी लेकरे राखलीस, म्हणून सांगते. पोपट उत्तरांवर जगतो. उत्तर बरोबर असो की चूक, त्याचे पोट भरतेच. एक चैत्र तो उपाशी राहिला, तर गिळलेले सगळे ओकेल. तीन दारांतून मौन मागून आण. तिसरे दार मात्र असे निवड, जिथे मौनाची गरजच नाही. ते वळले, तर बाकीचे आपोआप वळतील."

पहिले दार कुंभाराचे. त्याची दोन मुले आधीच मुकी झाली होती. तो चाक थांबवून म्हणाला, "धाकटी गप्प राहील."

दुसरे दार एका विधवेचे. ती म्हणाली, "न बोलणाऱ्याला राज्याबाहेर काढतात, भाऊ. पोराला घेऊन मी कुठे जाऊ?"

"माझी नाव आहे, ताई. तुम्हाला काढले, तर मीही इथे राहणार नाही."

तिसरे दार कोठाराच्या कारभाऱ्याचे. त्याची बायको पद्मावती उंबऱ्यावरूनच म्हणाली, "तुझी बुडाली, म्हणून आमचीही बुडवायला निघालास का रे नावाड्या? आमच्या हिरोजीला सगळे तोंडपाठ आहे."

कुशाबा भांडला नाही. आतल्या मुलाकडे पाहून त्याने हळूच विचारले, "बाळा, तुला काय आवडते?"

हिरोजीने आईकडे पाहिले. "आई, याचे बरोबर उत्तर काय?"

पद्मावतीने हिरोजीला जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "जा तू. आम्ही येऊ."

चैत्र आला. पोपटाने विचारले, "नदी कुठून येते?" कुंभाराची पोर गप्प राहिली. विधवेचा मुलगा गप्प राहिला. हिरोजी पुढे आला, तेव्हा साऱ्या चौकाने श्वास रोखला. त्याने आईचा हात घट्ट धरला आणि ओठ मिटले. मग एकही मूल बोलेना. मांत्रिक दात खात राहिला. भुकेने पोपटाचे तांबे काळे पडले. शेवटी तो राजाकडे वळला.

"महाराज, नदी कुठून येते?"

राजाला खरे उत्तर ठाऊक नव्हते, आणि इतक्या लेकरांदेखत खोटे बोलायला जीभ वळेना.

पोपट फुटला. आतून आवाजांचा थवा उडाला आणि ज्याचा त्याच्या कंठात जाऊन बसला.

"बाबा, घसा कोरडा पडलाय," साळू म्हणाली. कुशाबाने ओंजळीने तिला पाणी पाजले.

राजा पायऱ्या उतरून आला. "मुली, तू काय पाहिले आहेस?"

"बसा नावेत. दाखवते."

मांत्रिकाला त्याच दिवशी हद्दपार केले. पोपटाच्या तांब्याच्या घागरी झाल्या. आता त्या राज्यात लेकरांचे आधी ऐकतात आणि मगच काही विचारतात. जसा साळूचा आवाज परत आला, तसा ज्या ज्या लेकराचा गेला, त्याचाही येवो.