कोऱ्या करकरीत डोक्याचा माणूस

"मग चूक कोणाची, सर?"

तरुण डॉक्टर निनादने विचारलं. आवाज नम्र ठेवला होता, पण मान ताठ होती.

त्याचे गुरू डॉ. तांबट समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाकडे पाहत होते. हिंदुराव मगदूम. फरशी बसवणारा कारागीर. उन्हाळ्यात पक्षाघाताचा झटका येऊन गेला, हातपाय सुधारले. आज भुवईवर टाके होते.

जखम त्याच्या मुलाच्या हातची होती.

झटका आलेल्याची बुद्धी पुढे ढासळणार की टिकणार, हे निनाद दहा मिनिटांत सांगत असे. आजचा वार. पाच शब्द लक्षात ठेवा. घड्याळ काढा. शंभरातून सात वजा करत जा. या छोट्या परीक्षेवर त्याने परिषदेत शोधनिबंध वाचला होता, टाळ्या घेतल्या होत्या. हिंदुराव त्या परीक्षेत उत्तम पास झाला होता.

"तुम्हीच म्हणालात की, डोकं कोरं करकरीत आहे म्हणून," मालनबाई म्हणाली. हिंदुरावची बायको. "मी तेव्हाच सांगत हुते, पुढ्यात ताट ठेवलं तरी हे नुसते बघत बसत्यात. तुम्ही म्हणालात, बाई, परीक्षा मी घेतलीय."

निनादला ते आठवलं. त्याने खिडकीकडे पाहिलं.

"मग घरी आले. कामावर जाईनात. अंघोळीला बसवलं तर तांब्या हातात धरून तसेच. डोकं शाबूत हाय, मग ही सोंगं कशापायी? पोराचं टाळकं फिरलं..."

ती थांबली.

"मी बी मारलं. लई वेळा."

हिंदुराव शांतपणे ऐकत होता. जणू गोष्ट दुसऱ्याच कुणाची होती.

"पुन्हा परीक्षा घेतो," निनाद म्हणाला.

घेतली. वार बरोबर. पाचही शब्द बरोबर. घड्याळाचे काटे जिथल्या तिथे.

"बघा सर! परीक्षेत खोट नाही."

तांबट उठून हिंदुरावजवळ गेले. खांद्यावर हात ठेवला.

"हिंदुराव, तेवढं दार लावून घेता?"

"व्हय." तो लगेच उठला. दारापाशी गेला. कडीवर हात ठेवला.

आणि उभा राहिला.

बाहेरच्या वऱ्हांड्यात कुणीतरी नाव पुकारलं. पंखा कुरकुरत फिरत होता. हिंदुरावचा हात कडीवर तसाच...

"हिंदुराव, काय सांगितलं मी?" तांबटांनी विचारलं.

"दार लावा म्हणालासा."

हात हलला नाही.

निनादच्या परीक्षेत दार नव्हतं; कळलेलं काम आपणहून करता येतं का, हे ती तपासतच नव्हती.

मालनबाई उठली. तिने नवऱ्याचा हात कडीवरून सोडवला आणि तो हात तसाच धरून राहिली. बराच वेळ त्याच्या तोंडाकडे, त्या टाक्यांकडे बघत राहिली. मग निनादकडे वळली.

"म्हणजे... हे मुद्दाम नव्हते करत?"

निनादने मान खाली घातली. घाईघाईने गुरूजवळ सरकून तो हलक्या आवाजात म्हणाला, "सर, परीक्षेत आणखी कोणता प्रश्न घालू?"

"आधी बाईंच्या प्रश्नाचं उत्तर दे."