चौथा घाव

एका गावाच्या वेशीबाहेर, बाभळीच्या सावलीत, एक लोहार आणि एक लोहारीण भट्टी लावून राहायचे. लोहार ऐरणीपाशी बसायचा, सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि लहानशा हातोड्यानं टक् करून घाव कुठे हवा ते दाखवायचा. लोहारीण उभी राहून नेमकी तिथेच घण घालायची. वीस वर्षं असंच चाललं होतं. अवघड काम आपणच करतो, असं लोहाराला मनापासून वाटायचं. लोहारीण त्याला तसं वाटू द्यायची, कारण ती स्वभावानं चांगली होती.

सुगी तोंडावर आली. विळे, कुऱ्हाडी, कुदळी यांचा भट्टीपाशी ढीग पडला. अशात एके सकाळी घण डोक्यावर नेताना लोहारणीच्या उजव्या दंडात सणकन कळ गेली. घण मागच्या मागे मातीत पडला. तिनं केस सावरायला हात वर नेऊन पाहिला, तर तो खांद्याशीच अडला आणि डोळ्यांत पाणी आलं.

लोहार धावत जाऊन माळावरच्या धनगराला घेऊन आला. हा म्हातारा मेंढ्यांची हाडं बसवायचा आणि अडल्या वेळी माणसांचीही. त्यानं दंड चाचपला, हात हळूच पुढेमागे केला.

"हाड शाबूत हाय, पोरी. आतलं मांस ताणलंय. आठ दिवस हात झोळीत. मग रोज थोडा थोडा हलवायचा. घणाला दीड महिना शिवायचं न्हाई."

"दीड महिना? बाबा, मला चार दिसांत बरं वाटंल."

"वाटंल की. मेंढीलाबी वाटतं. म्हणून तर तिचा पाय बांधून ठिवतो मी. तुझा हात खुंट्याला बांधू का?" म्हातारा हसला, मग गंभीर झाला. "मधीच घण उचललास तर ते मांस तुटंल. मग घण ऱ्हाऊ दे, भाकरी थापायचीबी पंचाईत. नीट ऐक माझं."

हात कायमचा जाईल म्हटल्यावर लोहारणीनं निमूट हात झोळीत घातला.

आता घण लोहाराच्या हाती आला. ती डाव्या हातात सांडशी धरून त्याच्या जागी बसली. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत लोहाराला आपल्या पाठीत किती हाडं आहेत ते एकेक करून समजलं.

"जरा डावीकडं," लोहारीण सांगायची. "अजून. अहो, तुमचं डावं नव्हं, लोखंडाचं डावं."

विळे वाकडे निघत. एका विळ्याला तर इतका बाक आला, की गवत कापण्यापेक्षा विहिरीतली कळशी काढायला तो बरा, असं लोहारीण म्हणाली. लोहारही हसला. संध्याकाळी तो गरम वाळूची पुरचुंडी करून तिचा दंड शेकायचा आणि शेकता शेकता स्वतःच बसल्या जागी पेंगायचा.

दहा-बारा दिवसांत तिची कळ थांबली. हात झोळीतून निघाला. भाकरी नीट थापता येऊ लागली. आणि तिला वाटलं, झालं की बरं.

त्याच दिवशी लोहार कोळसा आणायला रानात गेला आणि मागे विहीर खणणारा माणूस आला. त्याची कुदळ बोथट होऊन आठवडाभर तिथेच पडली होती.

"वहिनी, खाली ओल लागलीया. चार हात खणलं की पाणी. समदं कुदळीपायी अडलंय बघा."

लोहारणीनं ढिगाकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं. मग दंड दाबून पाहिला. दुखत नव्हतं.

"धरा सांडशी," ती म्हणाली.

पहिला घाव बसला. दुसरा, तिसरा. कुदळीचं टोक कसं छान निघू लागलं. चौथ्याला दंडात पुन्हा तीच कळ गेली, या वेळी कोपरापर्यंत. घण लोखंडाच्या कडेवरून घसरला. तिनं दात आवळले, विहीरवाल्याला म्हणाली, "लोखंड थंड झालं. उद्या या." तो गेल्यावर मात्र ती खाली बसली आणि धनगराचे शब्द आठवून घाबरून गेली.

लोहार परतला, तेव्हा ती चुलीपुढे काहीच झालं नाही अशी बसली होती. त्यानं कोळशाचं पोतं उतरवलं, सहज कुदळ उचलली आणि उजेडात धरली. मग त्यानं घावांवरून अंगठा फिरवला. ज्याच्यासमोर वीस वर्षं एकच हात घाव घालतो आहे, त्याला त्या हाताची खूण कळायला कुणी सांगावं लागत नाही. तीन घाव सरळ आणि खोल होते. चौथा कडेला ओरखडा काढून गेला होता.

तो तिच्याशेजारी येऊन बसला. "चौथ्याला दुखलं न्हवं?"

लोहारीण काही वेळ चुलीतलं लाकूड सरकवत राहिली. मग रडू लागली.

"तुमचा हात बसत चाललाय घणावर," ती म्हणाली. "तुम्हालाच जमाया लागलं तर माझं काय काम ऱ्हायलं हितं?"

लोहारानं तो आकड्यासारखा विळा आणून तिच्या मांडीवर ठेवला. "हे बघ माझं जमणं."

ती रडता रडता हसली. लोहार मात्र हसला नाही.

"माझंबी एक ऐक. तुझा दंड त्या सकाळी न्हाई दुखावला. पंधरा दिस आधीपासनं तुझं घाव उथळ पडत हुतं. मला दिसत हुतं. काम तुंबलंय म्हणून मी गप बसलो आन् दोन घाव जादा मागत गेलो. इचारलं असतं तर भट्टी बंद ठिवावी लागली असती. म्हणून इचारलं न्हाई."

लोहारणीनं त्याच्याकडे पाहिलं. "आन् मीबी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "रात्री तेल चोळून झोपायची."

दुसऱ्या दिवशी धनगर आला. त्यानं दंड पुन्हा चाचपला आणि दोघांनाही मनसोक्त झापलं. "तुटता तुटता वाचलंय. आता पयल्या दिसापासनं मोजायचं."

या वेळी दोघांनी मिळून मोजलं. झोळी सुटल्यावर लोहारीण रोज बाभळीपुढे उभी राही आणि बोटं मुंगीसारखी खोडावरून वर चालवी. जिथे हात थांबे, तिथे लोहार कोळशानं रेघ ओढी. काही दिवस रेघ बोटभर वर सरके, काही दिवस मुळीच सरकत नसे. न सरकलेल्या दिवशी ती चिडे आणि तो तिला चहा करून देई. तो चहा इतका वाईट असे, की तिचा राग आपोआप चहावर जाई. मग हातात तांब्या आला, मग भरलेला तांब्या, मग लोहाराचा लहान हातोडा. दोन महिने सरल्यावर लोहारानं तिच्यासाठी निम्म्या वजनाचा घण घडवला.

तिनं त्या घणानं दहा घाव घातले. लोहारानं सांडशी बाजूला ठेवली. "पुरे आज."

"अजून धा घालीन की. दुखत न्हाई."

"दुखत न्हाई म्हणूनच पुरे," लोहार म्हणाला.

कुरकुरत का होईना, तिनं घण खाली ठेवला. हळूहळू जुना घणही तिच्या हाती परत आला.

वर्षानं सुगी आली, तशी भट्टीपाशी पुन्हा माणसांची रांग लागली. सगळ्यांनाच घाई होती. लोहारानं कोळसे फुलवले आणि लोखंड उचलण्याआधी विचारलं, "दंड कसा हाय?"

लोहारणीनं एकदा रांगेकडे पाहिलं. "आज जरा वढल्यासारखा वाटतोय," ती म्हणाली.

लोहारानं फुललेल्या कोळशांवर पाणी ओतलं. "मंडळी, आज भट्टी बंद. परवा या."

लोक थोडे कुरबुरले आणि घरी गेले. परवा पुन्हा आले.

तात्पर्य: बरं वाटणं आणि बरं होणं यांच्यामध्ये काही दिवस असतात. दुखणाऱ्यानं ते चोरू नयेत, आणि जवळच्या माणसानं दुखणं विचारायला विसरू नये.