रिकाम्या जमिनीवरची सावली

वेळ दुपारी चारची. स्थळ, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या पूर्व भागातील एका शहरातली चित्रशाळा. तिथे एकदा एक वृद्ध चित्रकार आपल्या शिष्याचे पहिले मोठे चित्र पाहत उभा होता. चित्र काढायला सांगितले होते पश्चिमेकडच्या जमिनी विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने. उद्या ते नगरभवनात लागणार होते, खाली शिष्याचे नाव घालून.

चित्रात कापडी छताच्या बैलगाड्या पश्चिमेला निघालेल्या, थेट पाहणाऱ्याच्या अंगावर येणाऱ्या. माणसांच्या तोंडांवर मावळतीचे ऊन. पहिल्या गाडीतली एक मुलगी डोळ्यांवर हात धरून समोर निरखते आहे. पुढे नुसते गवत.

वृद्धाने कुंचला उचलला आणि त्या गवतावर, पार बैलांच्या खुरांपर्यंत, माणसाची एक लांब सावली रंगवली.

तेवढ्यात व्यापारी आत शिरला.

"ही कुणाची सावली? म्हातारबुवा, जमीन रिकामी आहे असं मी छापून वाटलंय! पुसा ती. नाहीतर चित्र ठेवा इथंच, उंदरांना बघायला."

तो पाय आपटत गेला. शिष्य रडकुंडीला आला. "तीन महिने खपलोय मी, गुरुजी! का केलंत असं?"

"गाड्या कुठे चालल्यात?"

"पश्चिमेला."

"आणि तोंडं तुला समोरून दिसली. म्हणजे बघणारा त्यांच्याही पश्चिमेला उभा आहे, सूर्य त्याच्या पाठीशी. मग त्याची सावली कुठे पडेल?"

"पण मी तिथे नव्हतोच. मी इथे बसून काढलं."

"तू नव्हतास, बाळा. पण त्यांना येताना समोरून पाहणारं कुणीतरी आधीच तिथे राहत होतं. तू त्याला विसरलास. मी फक्त त्याची सावली काढली. पुसायची तर पूस, चित्र तुझं आहे."

शिष्याने फडके उचलले. रंग ओला होता, एका हातासरशी निघाला असता. त्याने त्या मुलीकडे पाहिले आणि फडके खाली ठेवले. सावली राहील, असा निरोप त्याने व्यापाऱ्याला धाडला.

व्यापाऱ्याने चित्र तरीही नेले, कारण कापड आणि रंग त्याच्या पैशाचे होते. दुसऱ्या कुणाकडून सावलीवर गवत काढून घेतले, खाली त्याच दुसऱ्याचे नाव घातले आणि चित्र नगरभवनात टांगले. मुलीला हात लावणे मात्र कुणाला सुचले नाही. ती अजून समोर निरखते आहे. तिथे कोण उभे होते आणि ते कुठे गेले, याचा जबाब आजवर कुणीही दिलेला नाही.