ओट्याखालची जागा

"...मग सांगा ना सर, यात आता काय कमी आहे?"

काझी सर स्क्रीनकडे बघत उभे राहिले.

यामिनी खरातला उत्तराची घाई नव्हती. कमी काहीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला ते फक्त सरांच्या तोंडून ऐकायचं होतं.

नाशिकच्या त्या आर्किटेक्चर कॉलेजात काझी सर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कॉम्प्युटरवर इमारती उभ्या करायला शिकवत. बोलत कमी. खुर्चीमागे येऊन उभे राहत, बघत, पुढं जात. सर आपल्या मागं जास्त वेळ थांबले की मुलांच्या हातातला माऊस घामानं निसटायचा.

यामिनीचा निसटत नसे. ही सगळी सॉफ्टवेअर ती कॉलेजात यायच्या आधीच शिकून आली होती. वर्गातली मुलं अडली की सरांकडं जायचं सोडून तिच्याकडं येत. सरांनी कधी हरकत घेतली नाही. कधी शाबासकीही दिली नाही.

ते मात्र तिला डाचत होतं.

या सत्रात सरांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली होती. जिथं आता परत जाता येणार नाही, अशी एक जागा उभी करा.

कुणी बंद पडलेलं थिएटर केलं, कुणी आजोळची विहीर. यामिनीनं भुसावळचं रेल्वे क्वार्टर केलं.

तिचे वडील मालगाडीवर गार्ड होते. ती पहिलीत असताना आई गेली. वडिलांनी बदली मागून घेतली, सामान मनमाडला आलं, आणि त्या घराकडं परत जाणं कुणाला जमलंच नाही. पुढं क्वार्टर्सची ती जुनी ओळ पाडली गेली. आता तिथं नुसतं गवत आहे, असं वडील सांगत.

त्यांना फोन करकरून तिनं भिंतींची मापं काढून घेतली. आत्याकडच्या फोटोंवरून रंग मिळवले. पोपडे धरलेली पिवळी भिंत, खिडकीची जाळी, मागच्या अंगणातला हौद. स्वयंपाकघरात ओटा, ओट्यावर ओळीनं मांडलेले स्टीलचे डबे. त्या डब्यांच्या पोटावर खिडकीचं प्रतिबिंबसुद्धा पडत होतं.

वर्गातल्या मुलांना तो फोटोच वाटला होता.

"हे कोण बघतंय?" स्क्रीनकडंच बघत सरांनी विचारलं.

"म्हणजे?"

"हे डबे. कुणाला दिसतायत?"

"कॅमेऱ्याला, सर. माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवलाय. सगळे तिथंच ठेवतात. तुम्हीच शिकवलंत."

"हं..."

सरांनी स्क्रीनवरची नजर काढून तिच्याकडं बघितलं.

"तू तेव्हा केवढी होतीस?"

यामिनीनं हसून कमरेच्या जरा वर हात धरला. "एवढी."

तसे सर खाली बसले. लॅबच्या फरशीवर, वायरींच्या गुंत्यात, इस्त्रीच्या पँटीसकट उकिडवे. सगळा वर्ग वळून बघायला लागला.

"सर... उठा ना. सगळे बघतायत."

सर उठले नाहीत. मान वर करून ते तिच्या टेबलाकडं बघत होते.

"इथून तुझा कॉम्प्युटर दिसत नाही," ते म्हणाले. "टेबल दिसतं. खालून."

यामिनीचं हसू ओसरलं. ती स्क्रीनकडं वळली आणि तिनं त्या घरातला कॅमेरा, म्हणजे बघणाऱ्याचा डोळा, माऊसनं खाली आणायला सुरुवात केली. हळूहळू.

घर वाढायला लागलं. छत दूर गेलं. खिडकीतून समोरची क्वार्टर्स दिसत होती, ती गेली. नुसतं आभाळ उरलं. डबे एकेक करून कडेमागं बुडाले. ज्या डब्यांवर तिनं इतका जीव टाकला होता, ते तिला लहानपणी कधी दिसलेच नसणार.

समोर आली ओट्याची कड. आणि कडेखाली...

काही नाही. करडी पोकळी.

कॅमेऱ्याला जे दिसणार नसतं ते कुणी बांधत बसत नाही. फाइल उगाच जड होते. तिनंही बांधलं नव्हतं. वरून लखलखणारं ते घर खालून उघडं, रिकामं होतं.

"तिथं..." ती म्हणाली.

सर खालीच बसून होते.

"तिथं मी बसायचे, सर."

सर गुडघ्यांवर हात टेकून उठले, पँट झटकली आणि पुढच्या मुलाच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

त्या दिवसापासून यामिनी ओट्याखाली काम करायला लागली.

कडप्प्याची खालची बाजू खरखरीत असते, तिला पॉलिश नसतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत शिरताना घासणाऱ्या तिच्या टाळूला ते आठवलं. गॅसची टाकी आठवली, उन्हाळ्यात तिला गाल लावला की गार लागायची. कांद्यांची टोपली. कोपऱ्यातल्या भिंतीवर खडूनं काढलेली आगगाडी, तिचे डबे सगळे वेगवेगळ्या आकारांचे. यातलं काहीच आत्याच्या फोटोंत नव्हतं. तिनं वडिलांना फोन करून विचारलं.

"ओट्याखाली? मला नाही गं माहीत," ते म्हणाले. "मी गाडीवर असायचो. ते तुम्हा दोघींचं."

तुम्हा दोघींचं. फोन ठेवल्यावरही ते शब्द तिच्या कानांत राहिले.

कारण ओट्याखाली बसलं की समोर आईचे पाय असायचे.

सॉफ्टवेअरमध्ये तयार माणसं मिळतात. ऑफिसला निघालेली, कुत्रा फिरवणारी. तिनं त्यातली एक बाई उचलली. तिला साडी नेसवली, चपला काढून घेतल्या, बोटांत जोडवी घातली. ओट्यापुढं उभी केली आणि ओट्याखालून बघितलं.

परकी बाई होती.

तिनं टाचांना भेगा दिल्या. घोटे बारीक केले. साडीची किनार बदलली, पुन्हा बदलली. दर वेळी स्वयंपाकघरात कुणीतरी दुसरीच बाई येऊन उभी राहायची, आणि घर होतं त्यापेक्षा जास्त रिकामं व्हायचं.

एका दुपारी ती सरांच्या खोलीच्या दारात येऊन थांबली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच आपणहून काही विचारायला आली होती.

"पाय जमत नाहीत, सर."

"कुणाचे?"

"आईचे."

सरांनी समोरची खुर्ची दाखवली. ती बसली. खिडकीतलं ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं, तरी तिनं खुर्ची हलवली नाही.

"चेहरा फोटोंत आहे," ती म्हणाली. "पायांचे फोटो कोण काढतं? मी तर रोज तेच बघायचे, सर. तेच आठवत नाहीत. चेहऱ्यापेक्षा जास्त बघितलेत मी ते पाय... आणि तेच गेले."

ती रडते की काय असं वाटलं, पण ती रडली नाही. बोटांची नखं बघत राहिली.

"ओट्याखाली उजेड कुठून यायचा?" सरांनी विचारलं.

"मागच्या दारातून. अंगणातून."

"डोळ्यांवर यायचा?"

"नाही. आई मध्ये असायची ना. ती बाजूला झाली की मगच यायचा. मग मी ओरडायचे..."

"काय?"

"ऊन आलं, आई, ऊन आलं!" तिला हसू फुटलं. "की ती परत येऊन उभी राहायची. पोळ्या झालेल्या असल्या तरी."

सर उठले. टेबलाला वळसा घालून खिडकीशी गेले आणि तिच्याकडं पाठ करून बाहेर बघत उभे राहिले.

यामिनीच्या तोंडावरचं ऊन थांबलं.

गार वाटलं. पापण्या आपोआप सैल झाल्या. समोर सरांची नुसती काळी आकृती होती. कोण आहे, कसं आहे, काही कळत नव्हतं.

ती तशीच बसून राहिली. मग उठली आणि लॅबकडं गेली.

एखादी वस्तू डोळ्यांना दिसू द्यायची नाही, पण तिची सावली मात्र पडू द्यायची, अशी सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. एरवी ती फारशी कुणी वापरत नाही. यामिनीनं त्या परक्या बाईला ओट्यापुढं नीट उभं केलं आणि दिसेनासं केलं.

पाय गेले. साडी गेली. जोडवी गेली.

मागच्या दारातून ऊन आत आलं, फरशीवरून निम्म्या खोलीपर्यंत आलं आणि अडलं. तिथून पुढं एक लांबट सावली ओट्याखालपर्यंत पोचली होती. खडूच्या आगगाडीवरून, कांद्याच्या टोपलीवरून, अगदी जवळ.

यामिनीनं तोंडावर हात ठेवला.

कामं तपासायच्या दिवशी बाहेरून एक आर्किटेक्ट बाई आल्या होत्या. सगळ्यांची कामं बघत त्या यामिनीपाशी आल्या.

"खोलीत तर कुणीच नाहीये," त्या म्हणाल्या. "मग ही सावली कसली? चुकून राहिलीय का?"

यामिनीनं मान हलवून नाही म्हटलं. बाईंनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा फरशीवरच्या त्या सावलीकडं. नंतर त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. जाताना तिच्या खांद्याला हळूच हात लावला.

काझी सर भिंतीशी उभे होते. शाबासकी त्यांनी त्याही दिवशी दिली नाही. यामिनीच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात नवीन काम आलं. एका खेड्यासाठी अंगणवाडी. सगळा वर्ग जागा बघून आला, मापं घेऊन आला, भिंती उभ्या करायला लागला. लॅबमध्ये पुन्हा वाद, हसणं, एकमेकांच्या चुका काढणं सुरू झालं.

यामिनीची फाइल कोरीच होती.

ती यायची, जुनं घर उघडायची, कॅमेरा ओट्याखाली न्यायची आणि बसायची. बदलायची काहीच नाही. नुसती बसायची. मुलं अडचणी घेऊन आली की म्हणायची, "नंतर." हळूहळू मुलं यायची बंद झाली.

एकदा मधल्या सुटीत लॅब रिकामी होती. मागं कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं तिला जाणवलं. तिनं वळून बघितलं नाही.

"अंगणवाडी?" काझी सरांनी विचारलं.

"करते, सर."

सर गेले नाहीत. पंखा फिरत होता. स्क्रीनवर ऊन होतं तिथंच होतं, सावली होती तिथंच होती.

"सर..." तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "इथून उठवत नाही. उठले की ती जाईल असं वाटतं. इतक्या वर्षांनी आलीय..."

सर खूप वेळ त्या सावलीकडं बघत राहिले. मग, आत कुणी दमलेलं माणूस आहे अशा दबक्या आवाजात म्हणाले,

"आईंना जरा बसू दे आता, यामिनी. केव्हाच्या उभ्या आहेत."